एकच फोल्डर दोन-तीन नावांनी शेअर करायचा आहे: सिमलिंक, बाइंड माउंट की वेगळा शेअर?

कळफलक:

डेबियन १२ (लिनक्स) वर सांबा, म्हणजे विंडोजला फोल्डर शेअर करून देणारा सर्व्हर, चालू आहे. मूळ फोल्डर /एसआरव्ही/डेटा/हिशोब. विंडोजची २० मशीन त्याला \\भांडार\हिशोब या पाथने जोडलेली आहेत. जुन्या सर्व्हरवर हाच फोल्डर \\ऑफिस१\अकाउंट्स होता आणि शेकडो एक्सेल फायलींच्या आत तोच पाथ लिंक म्हणून बसलाय, त्यामुळे तेही नाव चालू राहायला हवं. शिवाय तीन लिनक्स मशीनवर रात्री रिपोर्ट तयार होतात. त्यांना एनएफएसवरून (लिनक्स मशीनमध्ये फोल्डर शेअर करण्याची पद्धत) हा फोल्डर /एक्सपोर्ट/अकाउंट्स या नावाने हवाय. दोघांना फक्त वाचायला, तिसऱ्याला लिहायलाही.

दुसऱ्या एका शेअरमध्ये मूळ फोल्डरकडे जाणारी सिमलिंक (दुसऱ्या पाथकडे बोट दाखवणारी फाइल) करून पाहिली. विंडोजवरून ती उघडत नाही. एनएफएस क्लायंटवर लिंक दिसते, पण "अशी फाइल नाही" म्हणते.

डेटाच्या दोन प्रती ठेवून त्या आरसिंक या आज्ञेने जुळवत बसायचं नाही. योग्य पद्धत कोणती? एकाने एका नावाने आणि दुसऱ्याने दुसऱ्या नावाने तीच फाइल उघडली तर लॉकिंगचं काय? आणि बॅकअप दुप्पट होईल का?

वडाची_पारंबी:

तुमच्या प्रश्नात तीन वेगळी नावं गुंतली आहेत: शेअरचं नाव, सर्व्हरचं नाव आणि एनएफएसचा पाथ. तिन्हींचा उपाय वेगळा आहे. मी फक्त शेअरच्या नावाबद्दल लिहितो. (आज्ञा आणि पॅरामीटर इथे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच रोमनमध्ये.)

सिमलिंक शेअरच्या हद्दीबाहेर जात असेल तर सांबा ती पाळत नाही, कारण "वाइड लिंक्स" मुळातच बंद असतं. ते चालू करू नका. शेअरमध्ये लिंक तयार करण्याची मुभा असलेला कोणीही मग सर्व्हरवरच्या भलत्याच डिरेक्टरीकडे वाट काढू शकतो. त्यावरच्या दुसऱ्या पॅरामीटरच्या नावातच "इनसिक्युअर" हा शब्द आहे, तो उगाच नाही.

सांबात एकाच पाथवर हवे तितके शेअर चालतात. मूळ शेअरची सगळी सेटिंग पुन्हा लिहू नका, "कॉपी" वापरा:

[हिशोब]
पाथ = /एसआरव्ही/डेटा/हिशोब
व्हॅलिड यूजर्स = @हिशोबगट
रीड ओन्ली = नो
क्रिएट मास्क = ०६६०
डिरेक्टरी मास्क = २७७०

[अकाउंट्स]
कॉपी = हिशोब
ब्राउझेबल = नो

ज्याची नक्कल करायची तो विभाग फाइलमध्ये आधी आला पाहिजे. मग "टेस्टपार्म -एस" चालवून दोन्ही शेअरचा पाथ आणि मास्क सारखे दिसतात का ते पाहा आणि "एसएमबीकंट्रोल ऑल रीलोड-कॉन्फिग" द्या. रीस्टार्ट लागत नाही, उघड्या फायली तुटत नाहीत.

लॉकिंगची काळजी नको. सांबा लॉकची नोंद शेअरच्या नावावर ठेवत नाही. ती डिव्हाइस आणि आयनोड (डिस्कवरची फायलीची ओळख) क्रमांकावर असते, त्यामुळे दोन्ही नावांनी आलेले लोक एकाच लॉकवर आदळतात. एक्सेलची ~$ ने सुरू होणारी मालकी-फाइलही त्याच फोल्डरात पडते, म्हणून "अमुक व्यक्तीने उघडली आहे" हा निरोप दोन्हीकडे येतो. एकाच मशीनवर दोन्ही नावांनी तीच वर्कबुक उघडायला गेलात तर मात्र एक्सेल नकार देईल. एकाच नावाच्या दोन वर्कबुक ते एकत्र उघडत नाही.

खरा धोका दोन शेअरची सेटिंग वेगवेगळी होण्यात आहे. एकावर रीसायकलचं व्हीएफएस मॉड्यूल (पुसलेली फाइल बाजूला जपून ठेवणारं) आणि दुसऱ्यावर नाही, असं झालं की दुसऱ्या नावाने पुसलेली फाइल कायमची गेली. "कॉपी"मुळे हे टळतं. पण एक गोष्ट कॉपीमध्ये येत नाही: शेअरसेक या आज्ञेने दिलेल्या परवानग्या. त्या कॉन्फिगमध्ये नसतात, शेअर_इन्फो.टीडीबी या फाइलमध्ये शेअरच्या नावाखाली असतात. मूळ शेअर तुम्ही तसा बंदिस्त केला असेल तर नव्या नावावर तो थर सर्वांना पूर्ण मोकळा असतो, आणि टेस्टपार्ममध्ये हे दिसतही नाही. दोन्ही नावांवर "शेअरसेक -व्ही" चालवून बघाच.

लॅपटॉपवर विंडोजच्या ऑफलाइन फाइल्स चालू असतील तर त्या मशीनना एकच नाव द्या. विंडोज दोन पाथ म्हणजे दोन स्वतंत्र फोल्डर समजून दोन कॅशे ठेवतं, आणि दोन्हीत बदल झाले की सिंकच्या वेळी संघर्ष ठरलेला.

रूट_शेल:

एनएफएसबद्दल. सिमलिंक तिथे चालली नाही कारण एनएफएसमध्ये लिंक क्लायंट उलगडतो, सर्व्हर नाही. लिंकमध्ये /एसआरव्ही/डेटा/हिशोब लिहिलंय आणि क्लायंटवर असा पाथ नाही. सरळ आहे.

एनएफएसवर तुम्हाला एकच नाव हवंय आणि ते नाव क्लायंट ठरवतो, त्यामुळे बाइंड माउंट (तीच डिरेक्टरी दुसऱ्या पाथवरही दिसेल अशी जोडणी) मुळात लागतच नाही. मूळ डिरेक्टरी एक्सपोर्ट करा आणि तिन्ही मशीनवर ती /एक्सपोर्ट/अकाउंट्स इथे माउंट करा. वाचणं-लिहिणंही एकाच ओळीत भागतं:

/एसआरव्ही/डेटा/हिशोब १९२.१६८.१०.३१(आरओ,सिंक,नो_सबट्री_चेक) १९२.१६८.१०.३२(आरओ,सिंक,नो_सबट्री_चेक) १९२.१६८.१०.३३(आरडब्ल्यू,सिंक,नो_सबट्री_चेक)

पत्ता आणि कंस यांच्यात जागा सोडू नका. जागा सुटली तर त्या पत्त्याला मूळ पर्याय मिळतात आणि कंसातले पर्याय साऱ्या जगाला लागू होतात. "आरडब्ल्यू" असेल तर फोल्डर सगळ्यांना लिहायला उघडा पडतो. म्हणून "एक्सपोर्टएफएस -आरए" नंतर "एक्सपोर्टएफएस -व्ही" देऊन यादीत "<वर्ल्ड>" आलंय का ते तपासा.

एकाच क्लायंटला दोन नावं, एक वाचायला आणि एक लिहायला, अशी गरज पडली तरच बाइंड माउंट करा. एफएसटॅबमध्ये (बूट होताना काय माउंट करायचं ते लिहिलेली फाइल) पहिल्या रकान्यात मूळ पाथ, दुसऱ्यात नवा, तिसऱ्यात नन, चौथ्यात बाइंड, शेवटी ० ०. तेव्हा या गोष्टी सांभाळा:

मूळ डेटा वेगळ्या डिस्कवर असेल आणि बूट होताना ती डिस्क उशिरा चढली, तर बाइंड तिच्याखालच्या रिकाम्या डिरेक्टरीला चिकटून बसतं. मग क्लायंटना फोल्डर रिकामा दिसतो आणि सर्व्हरवर मूळ जागी सगळं ठीक असतं. चौथ्या रकान्यात एक्स-सिस्टमडी.रिक्वायर्स-माउंट्स-फॉर=/एसआरव्ही/डेटा हा पर्याय जोडला की क्रम पक्का होतो. नंतर दोन्ही पाथवर "एलएस -डीआय" द्या, आयनोड क्रमांक सारखा आला पाहिजे.

दोन्ही पाथ वेगवेगळ्या पर्यायांनी एक्सपोर्ट करणार असाल तर प्रत्येकाला वेगळा एफएसआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, द्या (एफएसआयडी=११, एफएसआयडी=१२). नाही तर दोन्हींचं फाइलहँडल (एनएफएस ज्यावरून फाइल ओळखतं ती खूण) एकच होतं आणि कुठल्या ओळीचे पर्याय लागू होतील याचा भरवसा राहत नाही.

बॅकअप: आरसिंकच्या -एक्स पर्यायावर विसंबू नका. तो डिव्हाइस क्रमांक बघून थांबतो, आणि बाइंड माउंटचा क्रमांक मूळचाच असतो. म्हणजे डेटा दोनदा जाणार. नवा पाथ एक्सक्लूडमध्ये स्पष्ट लिहा. दोन बाइंड पाथमध्ये "एमव्ही" केलं तर कर्नल ते दोन माउंट समजून नाव बदलायला नकार देतं, मग आधी पूर्ण कॉपी आणि नंतर पुसणं. ४० जीबीच्या फोल्डरला ते चांगलंच जाणवतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: बाइंड काढताना आधी "यूमाउंट", मग "आरएमडीआयआर". "आरएम -आरएफ" कधीही नाही. यूमाउंट झालं नसेल तर ती आज्ञा खरा डेटा पुसते. आरएमडीआयआर अशा वेळी नुसता नकार देतं.

विंडोजवाले आणि ते लिहिणारं लिनक्स मशीन एकाच फायलीला हात लावत असतील तर सांबाच्या मूळ शेअरवर "ऑपलॉक्स = नो" करा. विंडोज क्लायंटने स्वतःकडे धरून ठेवलेले बदल एनएफएसला दिसत नाहीत. वेग थोडा कमी होईल, पण रिपोर्टमध्ये अर्धवट आकडे येण्यापेक्षा ते बरं.

कळफलक:

कॉपीवाला शेअर झाला, शेअरसेकही दोन्हीकडे सारखं केलं. एक्सपोर्टच्या ओळीत खरंच एक जागा सुटली होती, ती काढली. आता \\भांडार\अकाउंट्स उघडतं, पण एक्सेलला \\ऑफिस१\अकाउंट्स हवंय. जुना सर्व्हर बंद आहे. ॲक्टिव्ह डिरेक्टरी (यूजर आणि मशीनची अकाउंट सांभाळणारं विंडोजचं डोमेन) आहे.

दीपमाळ:

डोमेन असेल तर नुसता डीएनएसमधला सीनेम (एका नावावरून दुसऱ्या नावाकडे वळवणारी नोंद) पुरत नाही. क्रम असा ठेवा.

आधी ॲक्टिव्ह डिरेक्टरीतून ऑफिस१ चं जुनं कॉम्प्युटर अकाउंट काढा. ते राहिलं तर क्लायंटला कर्बेरॉसचं (डोमेनच्या लॉगिन पद्धतीचं) तिकीट जुन्या मशीनच्या किल्लीने बंद केलेलं मिळतं, भांडारला ते उघडता येत नाही आणि लॉगिन फसतं. मग डीएनएसमध्ये ऑफिस१ चा जुना ए रेकॉर्ड काढून भांडारकडे जाणारा सीनेम टाका. त्यानंतर "नेट एडीएस सेटएसपीएन ॲड" वापरून भांडारच्या अकाउंटवर सीआयएफएस/ऑफिस१ आणि डोमेनसकट पूर्ण नाव असे दोन्ही एसपीएन (ज्या नावाने तिकीट मिळतं ती सेवेची नावं) जोडा. क्लायंटवर "केलिस्ट पर्ज" करून \\ऑफिस१\अकाउंट्स उघडा आणि "केलिस्ट"मध्ये सीआयएफएस/ऑफिस१ चं तिकीट दिसतंय का पाहा. तिकीट नाही पण फोल्डर उघडला, तर तो एनटीएलएम या जुन्या लॉगिन पद्धतीवर चाललाय. आज चालेल, एनटीएलएम बंद कराल त्या दिवशी थांबेल.

"नेटबायोस एलियासेस = ऑफिस१" फक्त नेटबायोसने नाव शोधणाऱ्या जुन्या मशीनसाठी आहे. सर्व्हरच्या नावाप्रमाणे वेगळी कॉन्फिग लावणारा %एल सुद्धा पोर्ट ४४५ वर उपयोगी नाही.

जुनं नाव कधी काढता येईल हे अंदाजाने ठरवू नका. [अकाउंट्स] विभागात "प्रीएक्झेक = लॉगर %यू %आय %एस" टाका. प्रत्येक जोडणीला कोण, कुठल्या आयपीवरून, कुठल्या नावाने आलं ते सिस्टम लॉगमध्ये उमटतं. मार्चअखेरच्या फायली वर्षातून एकदाच उघडतात, तेव्हा निदान एक आर्थिक वर्ष ही नोंद चालू ठेवा. दरम्यान एक्सेलमध्ये डेटा टॅबवरून "एडिट लिंक्स", मग "चेंज सोर्स" करून महत्त्वाच्या वर्कबुक नव्या पाथवर आणत राहा.

वडाची_पारंबी:

शेअर किंवा आतल्या फोल्डरांची नावं खरोखर देवनागरीत देणार असाल तर एक सांगून ठेवतो. सांबा यूटीएफ-८ व्यवस्थित हाताळतं, अडचण आपल्या ऱ्ह-ऱ्यची आहे. "कऱ्हाड" तीन प्रकारे टाइप होतं: ऱ हे एकच अक्षर (यू+०९३१) आणि हलंत, र अधिक नुक्ता अधिक हलंत, किंवा र अधिक हलंत अधिक शून्य-रुंदीचा जोडक. स्क्रीनवर तिन्ही सारखेच दिसतात, फाइल सिस्टमला मात्र ती तीन वेगळी नावं आहेत. दोन कीबोर्ड लेआउट वापरणाऱ्यांनी केलेले दोन "कऱ्हाड" फोल्डर शेजारी शेजारी उभे राहतात, आणि स्क्रिप्टमधला पाथ "सापडत नाही" म्हणतो.

पहिले दोन प्रकार "कन्व्हएमव्ही" या फाइलनावं बदलणाऱ्या आज्ञेला --एनएफसी (नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगळी रूपं एक करणं) देऊन एक करता येतात. --नोटेस्ट दिल्याशिवाय ते फक्त काय बदलेल ते दाखवतं, म्हणून आधी तसंच चालवून यादी वाचा. जोडकवाला प्रकार नॉर्मलायझेशनने जात नाही. नावात ई२ ८० ८डी ही तीन बाइट शोधून तो हातानेच बदलावा लागतो.