सगळी त्याचीच इच्छा, मग पानशेतही?

सदाशिवपेठी: काल इथे एकाने लिहिलं, 'त्याच्या इच्छेशिवाय पानही हलत नाही. पानशेत धरण फुटायचंच होतं, माणूस निमित्तमात्र.' वर गुलाबाची फुलं. तेव्हापासून डोकं फिरलंय. अहो, ईश्वर सगळ्यांना यंत्रावर बसवल्यासारखं फिरवतो, हे गीतेतलं 18.61 तुम्हाला पाठ आहे. दोनच श्लोक पुढे तोच कृष्ण म्हणतो, 'यथेच्छसि तथा कुरु'. फिरवणारा तोच, तर ही परवानगी कशाला? टिळकांनी गीतारहस्यात कर्मविपाक (केल्या कर्माचं फळ) आणि आत्मस्वातंत्र्यावर अख्खं प्रकरण लिहिलं, ते काय मंडालेत वेळ जात नव्हता म्हणून?

नामस्मरण: मीच लिहिलं, 'एकाने' कशाला म्हणता? आणि 63 नंतर 66 येतो. शरण ये म्हणतो तो. सोयीचा श्लोक आला की पुस्तक मिटायचं, ही तुमची जुनी खोड.

कॅम्पकर: आमच्या चर्चमध्येही हीच मारामारी. बायबलमध्ये पौल विचारतो, मडकं कुंभाराला जाब विचारतं का? 1618-19 मध्ये हॉलंडमधल्या डॉर्टला धर्मसभा भरवून, देवाची कृपा माणूस नाकारू शकतो म्हणणाऱ्या आर्मिनिअसच्या अनुयायांना दोषी ठरवलं. वाद मिटला? छे! माझा भाऊ गेला तेव्हा पाळक मला कबरीपाशी 'देवाची योजना' समजावत होते. ते नुसते शेजारी उभे राहिले असते तरी चाललं असतं.

नारायणपेठेतली: योजना राहू द्या, पानशेतवर बोला. 12 जुलै 1961, धरण फुटून पुण्यात पूर. काम पुरं व्हायच्या आत पाणी अडवलं, हे देवाने ठरवलं? आमचं घर बुडालं. आजीने गाळ उपसून देव शोधले. बाळकृष्ण सापडला, तामण गेलं ते गेलंच.

नामस्मरण: आणि जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, भिंत सकाळपर्यंत तगली, ती कृपा नाही?

नारायणपेठेतली: वा! पोती देवाची, अर्धवट काम सरकारचं. श्रेय वर, खापर खाली.

नामस्मरण: बरं बाई, धरण सरकारच्या माथी. खूश? पण मध्यरात्री आयसीयूच्या दाराबाहेर बसून 'यथेच्छसि' म्हणून बघा. मी बसलोय. तिथे तुमचं आत्मस्वातंत्र्य फॉर्मवर सही करण्यापुरतं उरतं.

सदाशिवपेठी: सही तरी तुम्हीच केलीत ना?

नामस्मरण: हेच. माणसाचं दुःख दिसत नाही, मुद्दा तेवढा दिसतो.

सिंहगडरोडकर: तुमचं चालू द्या. 2024 च्या जुलैत एकतानगरीत पाणी शिरलं, लोकांना बोटीतून काढावं लागलं. पूररेषेत बांधकामं कोणाच्या इच्छेने होतात? नदीत राडारोडा कोण टाकतं?

कॅम्पकर: आणि नदीपात्रातलं पार्किंग?

सिंहगडरोडकर: ते तर बोलूच नका. पाणी सोडलं की गाड्या काढायला रात्री पळापळ.

सदाशिवपेठी: धागा स्वेच्छेवर आहे, नदीवर नाही!

सिंहगडरोडकर: मग आमच्या स्वेच्छेने नदीवर बोलतोय. तर पूररेषेचं काय?