अंगणात डॉगवूड लावायचे आहे: इथले मूळचे की कौसा?

रिचमंडकर:
नमस्कार. आम्ही व्हर्जिनियात, रिचमंडजवळ राहतो. घरामागे जुन्या ओक वृक्षांची रांग आहे आणि तिच्या कडेला एक लहान फुलझाड लावण्याचा विचार आहे. व्हर्जिनियाचा राज्यवृक्ष आणि राज्यपुष्प असा दुहेरी मान मिळालेले डॉगवूड आमच्या मनात होते. मात्र त्यावर रोग फार पडतात असे सांगून रोपवाटिकेतून पूर्व आशियातील कौसा जातीचे डॉगवूड सुचवण्यात आले. झाड मुख्यतः पक्ष्यांसाठी लावायचे असेल तर या दोहोंतले कोणते निवडावे, आणि ते जगवावे कसे?

रानजाई:
पक्ष्यांसाठी म्हणत असाल तर निःसंशय इथले मूळचे, म्हणजे कॉर्नस फ्लोरिडा. त्याची लालभडक फळे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पिकतात आणि त्यांत स्निग्धांश भरपूर असतो. नेमके याच सुमारास थ्रश पक्षी दक्षिणेकडे निघालेले असतात आणि लांबच्या प्रवासासाठी त्यांना अशाच खाद्याची गरज असते. रॉबिन, ब्लूबर्ड, सीडर वॅक्सविंग, रानटर्की आणि खारीही ही फळे खातात; माणसाने मात्र ती खाऊ नयेत. कौसाचे फळ मोठे व गरगरीत असते, त्याच्या मूळ प्रदेशात ते माकडे खातात, आणि इथल्या लहान चोचींना ते अख्खे गिळता येत नाही. शिवाय स्प्रिंग अ‍ॅझ्युर या निळसर फुलपाखराच्या अळ्या मूळच्या डॉगवूडच्या कळ्यांवर वाढतात.

खरेदी करताना फूल जवळून पाहावे. ज्यांना आपण पाकळ्या समजतो ती बोगनवेलीप्रमाणे रंगीत छदे असतात आणि खरी फुले म्हणजे मधला पिवळट-हिरवा बारीक झुबका. मूळच्या जातीत चारही छदांच्या टोकाला खाच असते, तर कौसाची छदे टोकदार असतात. कौसा फुलतोही साधारण महिनाभर उशिरा, पाने आल्यानंतर.

मातीशी नाते:
रोगाची भीती निराधार नाही. 1970 च्या दशकाच्या अखेरीस आढळलेल्या करप्याने डोंगराळ, थंड आणि ओलसर जंगलांतील असंख्य डॉगवूड मारले. मेरीलँडमधील कॅटॉक्टिन डोंगरात त्यातून तगलेल्या एका झाडापासून ‘अ‍ॅपलाचियन स्प्रिंग’ हे करप्याला दाद न देणारे वाण मिळाले आहे. तुमच्याकडची हवा उष्ण असल्याने करप्यापेक्षा भुरीचा त्रास अधिक संभवतो, आणि दोन्हींवर पहिला उपाय योग्य जागा हाच आहे: सकाळचे ऊन, दुपारी सावली आणि खेळती हवा. ओकच्या रांगेची पूर्वेकडील कड मिळाली तर उत्तमच.

जमीन किंचित आम्ल आणि निचऱ्याची असावी. मुळे उथळ असतात, म्हणून खड्डा रुंद घ्यावा पण खोल नको, आणि खोड जिथे मुळांकडे पसरते तो भाग मातीखाली गाडू नये. पालापाचोळ्याचे दोन-तीन इंचांचे आच्छादन खोडाला न टेकवता पसरावे. याने ओल टिकतेच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे गवत कापण्याचे यंत्र खोडापासून दूर राहते. सालीला झालेल्या त्या जखमांतूनच खोड पोखरणारी अळी आत शिरते. मी पाहिलेली बरीच डॉगवूड करप्याने नव्हे, या जखमांनी गेली. झाडाची पाने कॅल्शियमने समृद्ध असतात आणि लवकर कुजतात, तेव्हा गळलेली निरोगी पाने झाडाखालीच राहू द्यावीत.

ओंजळभर बिया:
एक भर घालतो. हे झाड स्वतःच्या परागांनी सहसा फळत नाही. आसपास दुसरे डॉगवूड नसेल तर दोन लावा, तीही एकाच वाणाची कलमे नकोत, कारण ती जनुकीयदृष्ट्या एकच झाड ठरतात. बियांपासून वाढवलेली दोन रोपे मिळाली तर फळांची चिंता उरणार नाही. हरणांचा वावर असेल तर सुरुवातीची काही वर्षे रोपांभोवती जाळी लावा.