इंजिनरूममधल्या भडक्यात भाजलेला हात: जखम भरली, आता पुढे काय?

वल्हं_डोल:
एका खलाशाबद्दल विचारतोय, वय ३४. बोटीच्या तळाशी साचलेल्या गॅसचा भडका उडून चेहरा आणि दोन्ही हातांची पाठ भाजली. उजव्या हातावर अठराव्या दिवशी त्वचारोपण झालं, डावा आपोआप भरला. आज सहा आठवडे झालेत. डिस्चार्जच्या कागदावर एवढंच आहे: 'क्रीम लावा, व्यायाम करा, ३ महिन्यांनी दाखवा.' उजवी मूठ अर्धीच वळते, कातडी लाल आणि ताठ आहे, रात्री खाजेनं झोप नाही. प्रेशर ग्लोव्ह (व्रण दाबून ठेवणारा घट्ट हातमोजा) घालायचा का? आणि बोटीवर कधी जाता येईल?

हातउपचार:
तीन महिने थांबू नका. व्रण आखडतो तो याच काळात. याच आठवड्यात फिजिओ किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टला हात दाखवा.

हाताची पाठ भाजली की नवी कातडी बोटांची मुळं मागे ओढते, मधली पेरं वाकतात आणि अंगठा आत येतो. म्हणून रात्रीचा स्प्लिंट (हात ठरावीक स्थितीत धरून ठेवणारा आधार) याच्या नेमका उलट हवा: मनगट २० ते ३० अंश मागे, बोटांच्या मुळाचे सांधे सुमारे ७० अंश वाकलेले, पुढची बोटं सरळ, अंगठा बाजूला काढलेला. सपाट फळीवर हात बांधून ठेवलेला बरेचदा दिसतो. त्यात मुळाचे सांधे सरळच राहतात आणि तसेच धरतात.

व्यायामाआधी ५ ते १० मिनिटं क्रीम लावून हलका मसाज. मग व्रण पांढरट पडेपर्यंत सावकाश ताण, २० ते ३० सेकंद धरायचं, सोडायचं. अशी १० आवर्तनं, दिवसातून ४-५ वेळा. झटके नकोत.

एक मोठा अपवाद आहे. मधल्या पेराच्या पाठीवरची शीर (टेंडन) उघडी पडली असेल, तर सगळी बोटं एकदम वळवून मूठ करायला लावू नका. शीर तुटते आणि ते पेर कायमचं वाकडं राहतं. ऑपरेशनचा कागद सर्जनला दाखवून हे आधी विचारा, मगच मुठीचा व्यायाम.

पट्टी_मलम:
ग्लोव्हबद्दल. कलम (रोपलेली त्वचा) पक्कं बसलं असेल, उघडी जागा नसेल आणि बोटानं घासल्यावर फोड येत नसेल, तर आता सुरू करता येतो. मापाचा शिवून घ्या, तयार नको. दिवसातले २३ तास घालायचा, व्रण मऊ आणि फिका होईपर्यंत. त्याला वर्षभर किंवा जास्तही लागतं. दोन जोड हवेतच, एक धुवायला एक घालायला. हातानं, साध्या पाण्यात धुवा. गरम पाण्यानं ताण जातो. २-३ महिन्यांत तो सैल पडतो, पुन्हा माप द्या. बोटांची टोकं निळी किंवा बधिर झाली तर लगेच काढा.

बोटांच्या बेचक्यात ग्लोव्ह टेकत नाही आणि कातडी तिथेच पडद्यासारखी पुढे सरकते. तिथं सिलिकॉनचा किंवा फोमचा तुकडा बसवून घ्या. सिलिकॉन शीट पहिल्या दिवशी ४ तासच, मग वाढवत न्या. रोज साबणानं धुवा. पुरळ उठली तर दोन दिवस बंद.

खाज: कलमाच्या जागी तेलग्रंथी उरत नाहीत, म्हणून कातडी सुकते. बिनवासाचं क्रीम दिवसातून ३-४ वेळा, आंघोळ कोमट पाण्यानं. तेवढ्यावर भागलं नाही तर डॉक्टर रात्रीची अॅलर्जीची गोळी देतात, काहींना गॅबापेंटिन (नसांमुळे होणारी खाज शमवणारं औषध) लागतं. नखं बारीक कापा. खाजवून पडलेली चीर आठवडाभर मागे नेते.

खारं_पाणी:
बोटीचं गणित कॅलेंडरवर ठरवू नका. सलग ३ आठवडे एकही फोड किंवा उघडी जागा नाही, मूठ पूर्ण वळते आणि ओला दोर घट्ट धरून हवा तेव्हा सोडता येतो, एवढं जमलं की सर्जनला विचारा. तोवर किनाऱ्यावर जाळं विणणं उत्तम, बोटांचा व्यायामही होतो.

नवी कातडी दोराच्या ओढीनं सोलते. कलमाच्या जागी घाम फारसा येत नाही आणि चटका उशिरा कळतो, म्हणून इंजिनजवळचं काम शेवटी. वर्षभर तरी उन्हापासून जपा, नाहीतर डाग काळे पडतात.

खाऱ्या पाण्यातला व्हिब्रिओ जंतू उघड्या जखमेतून शिरला तर एक-दोन दिवसांत हात सुजतो, जांभळे फोड येतात, ताप चढतो. तडक दवाखान्यात न्या. माशाचा काटा टोचून काही आठवड्यांनी न दुखणारी गाठ आली, तर ती वेगळी, सावकाश वाढणारी लागण असते. डॉक्टरांना मासेमारीचं काम आहे हे आवर्जून सांगा, नाहीतर नेहमीच्याच अँटिबायोटिकवर महिना जातो.

बंद जागेतला भडका होता, म्हणून आवाज घोगरा, जिना चढताना धाप असं काही असेल तर घसा आणि छाती तपासा.

वल्हं_डोल:
आभारी आहे. ऑपरेशनचा कागद काढतो. आणखी एक, झोपेत त्याचा डावा डोळा थोडा उघडा राहतो. पापणी खाली ओढल्यासारखी दिसते.

पट्टी_मलम:
हे सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. व्रण पापणी ओढतोय आणि बुबुळ सुकतंय. आजच नेत्रतज्ज्ञाला दाखवा. तोवर दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब दर दोन तासांनी, रात्री डोळ्यात घालायचं वंगण मलम. डोळा लाल झाला, दुखला किंवा धूसर दिसू लागलं तर उद्यावर टाकू नका. हाताचं वेळापत्रक दोन दिवस पुढे गेलं तरी चालेल.