मदत हवी आहे : ओपनएसएसएल वापरताना फ्री() वर प्रोग्रॅम पडतो

घारू
ओपनएसएसएल ही एन्क्रिप्शनची लायब्ररी वापरून सर्टिफिकेटची (सर्व्हरच्या डिजिटल ओळखपत्राची) मुदत तपासणाऱ्या एका ओपन सोर्स टूलसाठी पॅच (दुरुस्ती) लिहितोय. फाईल बफरमध्ये (मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत) वाचली, सर्टिफिकेट पार्स होतं, तारीखही बरोबर छापली जाते. शेवटी बफर फ्री केला (त्याची मेमरी परत दिली) की 'फ्री(): इनव्हॅलिड पॉइंटर' येऊन सगळं बंद. फ्री काढलं तर चालतं, पण मग मेमरी गळते आणि मेंटेनर पॅच घेत नाही. रविवारच्या आत हवंय.

टर्मिनलवाली
कोड कुठाय? आवृत्ती? बफर कशाने घेतलाय?

निनाद७
उबुंटू असेल तर अ‍ॅप्ट अपग्रेड मारा, ओपनएसएसएल नवं येईल.

घारू
आवृत्ती ३.० आहे. बफर साध्या मॅलॉकने, म्हणजे मेमरी मागायच्या नेहमीच्या फंक्शनने. फाईल डेर (बायनरी) आहे, पेम (टेक्स्ट) नाही.

जुना_सी
अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारा कंपायलरचा पर्याय) लावून बिल्ड करा. पाच मिनिटांचं काम.

टर्मिनलवाली
आधी व्हॅलग्राइंड, तेही मेमरीच्या चुका दाखवतं आणि पुन्हा बिल्ड करायला नको. आणि दोन्ही एकदम लावू नका, सॅनिटायझरवाला प्रोग्रॅम व्हॅलग्राइंडखाली चालत नाही.

जुना_सी
व्हॅलग्राइंड फार हळू आहे.

टर्मिनलवाली
एका सर्टिफिकेटला?

गंजमुक्त
रस्ट भाषेत लिहा, हा प्रश्नच उरणार नाही. ओपनएसएसएलमधली ती हार्टब्लीडची चूक विसरलात का?

जुना_सी
हार्टब्लीडमध्ये फ्री चुकलं नव्हतं. समोरच्याने सांगितलेली लांबी न तपासता ६४ केबीपर्यंत मेमरी परत पाठवली जायची. मला राग आहे तो ओपनएसएसएलच्या स्वतःच्या फ्रीलिस्टचा (मोकळी झालेली मेमरी सिस्टमला परत न देता स्वतःकडेच ठेवायची यादी). तिच्यामुळे सिस्टमच्या मॅलॉकमधली संरक्षणं निकामी व्हायची. एप्रिल २०१४ मध्येच ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टमवाल्यांनी ओपनएसएसएलमधून लिब्रेएसएसएल वेगळं काढलं आणि हा प्रकार उपटून टाकला.

घारू
इतिहास नंतर बोलू. व्हॅलग्राइंड म्हणतं 'इनव्हॅलिड फ्री', आणि खाली '० बाइट्स आफ्टर अ ब्लॉक ऑफ साइज १,२०४'.

पद्मा_क
ब्लॉकच्या बरोबर शेवटी! सर्टिफिकेट पार्स करणाऱ्या डी२आय_एक्स५०९() ला तुम्ही बफरचा पत्ता ठेवणाऱ्या पॉइंटरचाच पत्ता देताय. ते फंक्शन वाचून झालं की पॉइंटर पुढे सरकवतं, म्हणजे एकाच बफरमधलं पुढचं सर्टिफिकेट लगेच वाचता येतं. मॅलॉकने दिलेला पत्ता तिथेच हरवतो. दुसरा कॉन्स्ट पॉइंटर घ्या, त्यात बफरचा पत्ता ठेवा, फंक्शनला तो द्या आणि फ्री मूळ पॉइंटरवर करा. तिथे कास्ट (सक्तीने प्रकार बदलणं) आहे का? नाहीतर कंपायलरने वॉर्निंग दिली असती.

घारू
कास्ट आहे, जुन्या कोडमधला. काढला, दुसरा पॉइंटर घेतला. क्रॅश गेला! मनापासून आभार. पण आता व्हॅलग्राइंडमध्ये 'डेफिनेटली लॉस्ट', म्हणजे मेमरीची गळती, दिसतंय. टूल सर्व्हरकडूनही सर्टिफिकेट घेतं, तिथलं आहे.

जुना_सी
हे आधी सांगायचं ना!

पद्मा_क
एसएसएल_गेट_पीअर_सर्टिफिकेट() असेल. ते सर्टिफिकेटचा रेफरन्स काउंट (किती जण ते वापरताहेत तो आकडा) वाढवतं, म्हणून एक्स५०९_फ्री() तुम्हीच करायचं. ३.० मध्ये नावावरूनच कळतं: गेट१ असेल तर फ्री करा, गेट० असेल तर हात लावू नका.

घारू
एक्स५०९_फ्री() फंक्शनच्या शेवटी आहे.

टर्मिनलवाली
मधे कुठे रिटर्न आहे? होस्टनेम (सर्व्हरचं नाव) जुळलं नाही की तिथूनच, फ्री न करता, बाहेर पडत असेल. ते पूर्ण फंक्शन इथे टाका.