सोन्याच्या मुलाम्याने चित्र सुधारत नाही

सोन्याचा मुलामा दिलेली महागडी एचडीएमआय केबल (सेट-टॉप बॉक्स टीव्हीला जोडायची वायर) लावली की टीव्हीवरचे रंग खुलतात, असा एक दावा केला जातो, तो अजिबात पटत नाही. तिच्यातला सिग्नल डिजिटल, म्हणजे शून्य-एकच्या आकड्यांतला आहे. केबल कमी पडली तर चित्र फिकं होत नाही, पांढरे ठिपके चमकतात किंवा पडदा मध्येच काळा होतो. दोन मीटरपर्यंत एचडीला साधी 'हाय स्पीड' केबल भरपूर झाली. ४के (एचडीपेक्षा बारीक चित्र) ६० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ६० चित्रांना, मात्र सेकंदाला १८ गिगाबिट वाहून नेणारी 'प्रीमियम हाय स्पीड' बघून घ्या.

पण त्याआधी टीव्हीच्या मागे डोकवा. कितीतरी घरांत एचडी सेट-टॉप बॉक्स अजून पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांच्या वायरनेच जोडलेला असतो. त्या पिवळ्या पिनेतून एचडी येतच नाही, ५७६ ओळींचंच चित्र येतं. एचडी चॅनेलचे पैसे भरूनही लोक तेच बघत बसतात, याचं फार वाईट वाटतं.