मदत हवी आहे: उत्तर आयर्लंडची सत्तावाटणी आणि लंडन-डब्लिन सहकार्य

नमस्कार मंडळी,

एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी (राज्यशास्त्र) उत्तर आयर्लंड हा विषय घेतलाय आणि एका प्रकरणात अडकले आहे. जाणकारांनी कृपया मदत करावी.

ज्यांना विषय नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: १० एप्रिल १९९८ च्या गुड फ्रायडे करारानुसार तिथल्या सरकारात युनियनिस्ट (ब्रिटनसोबत राहू इच्छिणारे) आणि नॅशनॅलिस्ट (अखंड आयर्लंड हवं असणारे) या दोघांनाही एकत्र बसावंच लागतं. फर्स्ट मिनिस्टर आणि डेप्युटी फर्स्ट मिनिस्टर यांचे अधिकार सारखेच. एकाने राजीनामा दिला की दुसऱ्याचंही पद जातं. जानेवारी २०१७ मध्ये डेप्युटी फर्स्ट मिनिस्टर मार्टिन मॅकगिनेस यांनी राजीनामा दिला आणि तीन वर्षं सरकारच नव्हतं.

माझी मांडणी अशी आहे की ही व्यवस्था पुन्हा पुन्हा उभी राहते ती लंडन (ब्रिटन) आणि डब्लिन (आयर्लंड) या दोन शेजारी सरकारांमुळे, आणि त्याचं मूळ १९८५ मध्ये आहे. ब्रिटिश पंतप्रधान थॅचर आणि आयरिश पंतप्रधान गॅरेट फिट्झजेराल्ड यांनी उत्तर आयर्लंडमधल्या हिल्सबरोला केलेला, तिथल्या कारभारात डब्लिनला सल्ल्याचा हक्क देणारा करार युनियनिस्टांना न विचारता झाला. बेलफास्टच्या सिटी हॉलसमोर प्रचंड सभा झाली, तो राग वर्षानुवर्षं गेला नाही. पण त्याच करारामुळे बेलफास्टजवळ मेरीफील्ड इथे संयुक्त सचिवालय सुरू झालं. फाटकाबाहेर निदर्शनं चालू असताना आत आयरिश आणि ब्रिटिश अधिकारी एकाच इमारतीत राहून काम करत होते. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. १९७४ मध्ये युनियनिस्ट कामगारांच्या संपाने सत्तावाटणीचं पहिलं सरकार दोन आठवड्यांत पाडलं, तेव्हा अशी रोजची ऊठबस नव्हती. १९९३ चं डाउनिंग स्ट्रीट घोषणापत्र (दोन्ही पंतप्रधानांचं संयुक्त निवेदन) आणि पुढे १९९८ चा करार याच सवयीतून आले, असं माझं मत आहे. मार्गदर्शक सरांना ते पटत नाही. त्यांच्या मते तीस वर्षांच्या संघर्षात साडेतीन हजारांवर माणसं गेल्यावर लोकच हिंसेला विटले होते, श्रेय त्यांचं आणि तिथल्या पक्षांचं.

आता खरी अडचण. जानेवारी २०२० मध्ये सरकार परत आलं ते लंडन आणि डब्लिनने मिळून पक्षांसमोर ठेवलेल्या मसुद्यावर (ब्रिटनचे उत्तर आयर्लंड मंत्री ज्युलियन स्मिथ आणि आयर्लंडचे परराष्ट्रमंत्री सायमन कोव्हनी). माझ्या मांडणीला अगदी हवं तसं उदाहरण. पण २०२२ मध्ये ब्रेक्झिटनंतरच्या व्यापार नियमांवरून डीयूपीने (मोठा युनियनिस्ट पक्ष) सरकार बंद पाडलं आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ते सुरू झालं, तेव्हा वाटाघाटी झाल्या लंडन आणि डीयूपी यांच्यात. डब्लिन त्यात पक्षकार नव्हतं. मग शेजाऱ्याशिवायही भागतं, असा याचा अर्थ घ्यायचा का? की २०२३ च्या विंडसर फ्रेमवर्कमध्ये (त्याच व्यापार नियमांवरचा ब्रिटन-युरोपियन युनियन करार) युरोपियन युनियनच्या बाजूने आयर्लंडचं वजन होतंच, म्हणून ते अप्रत्यक्ष सहकार्य धरायचं? दुसरा पर्याय मला थोडा ओढूनताणून वाटतो.

आणखी एक. दोन्ही सरकारांची आंतरसरकारी परिषद २००७ नंतर थेट २०१८ मध्येच भरली. सरकार सुरळीत चाललं होतं म्हणून गरज वाटली नाही, की ती बंद पडल्यामुळेच २०१७ चा पेच चिघळला? यावर कुणी नीट लिहिलं असेल तर कृपया सुचवा. मला मिळालेलं बहुतेक सगळं लंडनच्या नजरेतून आहे, डब्लिनची बाजू मांडणारं काही हवं आहे.

बेलफास्ट, डेरी किंवा डोनेगलकडे राहणारं कुणी मराठी इथे असेल तर त्यांचा अनुभवही हवा आहे. डेरीच्या ऑल्टनागेल्विन रुग्णालयातलं कर्करोग केंद्र सीमेपलीकडच्या डोनेगलच्या रुग्णांसाठीही आहे. स्टॉरमाँटमध्ये (उत्तर आयर्लंडच्या सरकारचं ठिकाण) मंत्रीच नसताना अशा ठिकाणी रुग्णांना काही फरक जाणवत होता का? प्रबंधात नुसते करार आणि तारखा नकोत, म्हणून विचारतेय.

प्रकरण महिनाअखेरीस द्यायचं आहे. २०२४ बद्दल दोन ओळी लिहिल्यात तरी चालेल.