मदत हवी आहे: मडगाव स्टेशन ते हॉटेल बसने कसं जायचं? (अर्जंट!!)

गडबडराव: उद्या सकाळच्या मांडवी एक्सप्रेसने निघतोय. मडगावला उतरून बसनेच हॉटेल गाठायचंय. टॅक्सीचं नाव काढू नका, मागच्या खेपेला चांगलाच चुना लागलाय. कोणती बस, कुठून? लवकर सांगा, बॅगा भरायच्यात.

सासष्टीकर: हॉटेल कुठे?

गडबडराव: गोव्यात.

सासष्टीकर: ते कळलं हो. गोव्यात काणकोणही आहे आणि पेडणेही. गाव सांगा.

पायलटप्रेमी: गाव कुठलंही असो, स्टेशनबाहेर पिवळ्या मडगार्डची मोटारसायकल दिसली की मागे बसायचं. त्याला इथे पायलट म्हणतात. आधी भाव ठरवायचा. मी दरवेळी असाच जातो.

नाना डोंबिवली: मांडवीत भूक ठेवून बसा. दिवसभर काही ना काही खायला येतच राहतं. आमची ही घरून पुऱ्या घेते, त्या तशाच परत येतात.

सासष्टीकर: हॉटेल पणजीत धरून सांगतो. स्टेशनवरून रिक्षाने मडगावचा कदंब (म्हणजे गोव्याची एसटी) स्टँड गाठा, चालत जाण्याइतका जवळ नाही. तिथून पणजीची शटल. मधे थांबत नाही, तिकीट खिडकीवर आधीच काढायचं.

बार्देशी: पणजीलाच जायचं तर मडगाव कशाला? करमळीला उतरायचं.

सासष्टीकर: आणि करमळीहून पुढे? बसची वाट बघत उभं राहायचं? मडगावला निदान वाहन तरी मिळतं.

बार्देशी: मडगाववाल्यांना मडगावच्या पुढे दिसत नाही.

हवाईसुंदर: विमानाने या ना. मोपा विमानतळाहून कदंबच्या बस आहेत.

गडबडराव: तिकीट काढलंय हो रेल्वेचं! पणजी कोण म्हणालं? हॉटेल कळंगुटला आहे. बीचजवळ. ते पायलटचं बरं वाटतंय, पण आम्ही तिघं आहोत, आईचे गुडघे दुखतात आणि दोन मोठ्या बॅगा आहेत.

बार्देशी: अहो बाबा, हे आधी सांगायचं! मडगावला जाऊच नका. थिवीला उतरा, त्याच गाडीचा थांबा आहे. मडगावहून कळंगुट ४५ किमीच्या आसपास, थिवीहून साधारण २०. थिवी ते म्हापसा रिक्षा करा, स्टेशनबाहेर बस मिळेल या भरवशावर राहू नका. म्हापसा स्टँडवरून कळंगुटच्या बस आहेत. बस लहान असते, तेव्हा आईंना आधी चढवा, बॅगांचं कंडक्टर बघतो.

गडबडराव: तिकीट मडगावचं आहे. आधी उतरलं तर टीसी पकडेल का?

बार्देशी: का पकडेल? पुढे गेलात तर पकडेल. अलीकडे उतरलात तर उरलेले पैसे मिळणार नाहीत, इतकंच.

सासष्टीकर: कळंगुट असेल तर थिवीच बरोबर. पण मांडवी संध्याकाळी पोचते. लेट झाली आणि अंधार पडला तर गावच्या बस कमी होतात. मग आईंना घेऊन म्हापशाला ताटकळू नका, पुढेही रिक्षाच करा.

बार्देशी: आज पहिल्यांदा पटलं तुमचं.

पायलटप्रेमी: तीन पायलट केले तर?

नाना डोंबिवली: आणि बॅगांना चौथा.

स्कूटरवाली: तिकडे फिरायला भाड्याची स्कूटर घ्या, पण काळ्या पाटीवर पिवळा नंबर असलेलीच. पांढऱ्या पाटीची कुणी दिली तर नको म्हणा.

गडबडराव: आईला स्कूटरवर कुठे बसवू?

*(दुसऱ्या दिवशी)*

गडबडराव: सावंतवाडी सोडलं. आता पुढचं स्टेशन थिवीच ना? आई दारात जाऊन उभी राहिलीये.

बार्देशी: आधी पेडणे येईल. तिथे उतरू नका! आईंना बसायला सांगा.

नाना डोंबिवली: काय काय खाल्लंत?